यशवंत घाडगे आणि न कोरलेली नावे

मुंबई–गोवा महामार्गाने दक्षिणेकडे जाताना रायगड जिल्ह्यातील माणगाव लागते. बहुतेक प्रवासी तेथे चहापुरते थांबतात आणि महाडच्या दिशेने पुढे निघतात. चवदार तळ्याच्या दर्शनास जाणारे आपले बांधव दरवर्षी २० मार्चला याच रस्त्याने जातात. या माणगावात तहसील कार्यालयासमोर एका तरुण सैनिकाचा पुतळा आहे. (शाहू महाराज आणि बाबासाहेब १९२० साली ज्या परिषदेत एकत्र आले, ते माणगाव कोल्हापूरकडचे. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत हा घोटाळा नेहमी करतात, म्हणून येथेच सांगून ठेवतो.) पुतळा नाईक यशवंत घाडगे याचा. १० जुलै १९४४ रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, तो इटलीत मारला गेला. मरणोत्तर त्यास व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला.

या स्मरणिकेसाठी इतिहासावर काही लिहावे, असे आम्हांस सुचविण्यात आले, तेव्हा घाडगेंचा विषय आम्ही जाणून निवडला. तो आपल्या चळवळीतला नव्हता, आपल्या समाजातलाही नव्हता. तरीही त्याच्या मरणाची आणि त्या मरणाच्या आठवणीची हकीकत आपण नीट समजून घ्यावी असे आम्हांस वाटते. का वाटते, ते पुढे येईलच. बावीस वर्षांच्या मुलाचा उल्लेख आम्ही एकेरी करीत आहोत. शिक्षकाची ही सवय वाचक समजून घेतील.

यशवंतचा जन्म १६ नोव्हेंबर १९२१ चा, माणगाव तालुक्यातील पळसगावचा. त्या वेळी हा भाग कुलाबा जिल्ह्यात होता. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीत तो नाईक या पदावर होता. नाईक म्हणजे खालून वर मोजताना शिपाई आणि लान्सनाईक यांच्या वरचा हुद्दा. आठ-दहा जणांची एक तुकडी त्याच्या हाताखाली असते. पलटणीतली ही सर्वांत लहान तुकडी असल्याने तिचा नायक मागे थांबून हुकूम देत नाही, आपल्या माणसांबरोबरच पुढे जातो.

१० जुलैला नेमके काय झाले, हे त्याच्या सन्मानपत्रात नोंदलेले आहे. वरच्या टायबर खोऱ्यात त्याची कंपनी शत्रूच्या मजबूत ठाण्यावर चालून गेली. यशवंतची तुकडी अगदी जवळून मशीनगनच्या माऱ्यात सापडली आणि नायक वगळता सर्वजण ठार किंवा जखमी झाले. एकटा उरलेला यशवंत मशीनगनवर धावून गेला. प्रथम हातबॉम्ब फेकून त्याने तोफ आणि ती चालविणारा, दोन्ही निकामी केले. नंतर आपल्या टॉमीगनने आणखी एकास मारले. बंदुकीतली काडतुसे संपली होती आणि नवी भरण्यास वेळ नव्हता. त्याने बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांस दस्त्याने ठार केले. त्यानंतर दबा धरून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याच्या छातीत आणि पाठीत लागल्या. जे ठाणे त्याने घेतले, त्याच ठाण्यात तो मरण पावला.

वर्गात ही हकीकत सांगताना दस्त्याचा भाग गाळावा, असे काही सहकाऱ्यांचे मत असते. आम्ही तो गाळत नाही. युद्ध म्हणजे काय, हे मुलांना त्याच वाक्यावरून कळते. आणि त्या तोफेवरचे चौघे हीदेखील कोणाची तरी मुले होती. कॅसिनोजवळ कायरा येथे जर्मन सैनिकांची दफनभूमी आहे. तेथे सुमारे २०,००० जण पुरलेले आहेत. त्यांतील कित्येकांचे वय यशवंतएवढेच असणार. शौर्याची ही गोष्ट सांगावी, पण तिच्यावर टाळ्या घेऊ नयेत, अशी आमची रीत आहे.

कोकणातला मुलगा टायबर नदीच्या काठी कसा पोहोचला? जुलै १९४३ मध्ये दोस्त फौजा सिसिली बेटावर उतरल्या, सप्टेंबरात इटलीच्या मुख्य भूमीवर. इटलीने शरणागती पत्करली, तरी जर्मन फौजा मागे हटल्या नाहीत. इटलीच्या पाठीच्या कण्यासारखी अपेनाइन पर्वतरांग उत्तर-दक्षिण पसरली आहे आणि नद्या तिच्यातून दोन्ही बाजूंस समुद्राकडे धावतात. त्यामुळे दक्षिणेकडून चढणाऱ्या सैन्यास दर काही मैलांवर नदी ओलांडावी लागते आणि पलीकडची टेकडी घ्यावी लागते. संरक्षण करणाऱ्याच्या दृष्टीने याहून सोयीचा मुलूख नाही. कॅसिनोपाशीच चार महिने आणि चार लढाया गेल्या. ४ जून १९४४ रोजी रोम पडले. त्यानंतर दोनच दिवसांनी फ्रान्समध्ये नॉर्मंडीचे आक्रमण सुरू झाले आणि साऱ्या जगाचे लक्ष तिकडे वळले. इटलीतील लढाई मात्र पुढे अकरा महिने चालू राहिली. उत्तरेकडे नवी तटबंदी पुरी होईपर्यंत जर्मनांना वेळ हवा होता, म्हणून माघार घेताना ते प्रत्येक टेकडीवर थोडे थांबून लढत. यशवंत अशाच एका टेकडीवरच्या लढाईत पडला. तिचे नाव शालेय पुस्तकात नसते, मोठ्या इतिहासग्रंथातही क्वचितच असते.

इटलीत भारताच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या अशा तीन डिव्हिजन लढल्या, सुमारे ५०,००० माणसे. त्यांपैकी ५,७८२ जण तेथेच मरण पावले. इटलीच्या मोहिमेत एकूण २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यांतील ६ भारतीय सैन्यातील जवानांना. यशवंतच्या रेजिमेंटमधील दुसरा मानकरी नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातील निमजचा, १९२१ चाच जन्म. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीच्या काठी त्याने दोन जखमी साथीदारांस पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पलीकडे पोहोचविले, नंतर एकट्याने शत्रूची मशीनगन ठाणी गप्प केली. नामदेव जिवंत परतला आणि १९८४ पर्यंत जगला. आपल्या हकीकती सांगण्यास त्याला चाळीस वर्षे मिळाली. यशवंतच्या बाबतीत त्या सन्मानपत्रातील मोजकी वाक्येच आपल्या हाती आहेत.

हे युद्ध कोणाचे होते, हा प्रश्न त्या काळीही विचारला गेला. हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढले, म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी १९३९ मध्ये राजीनामे दिले. १९४२ मध्ये ‘भारत छोडो’ची हाक आली. त्याच वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांनी आकाशवाणीवरून भाषण करून हिंदी कामगारवर्गाला हे युद्ध का जिंकावयाचे आहे, ते सांगितले. नाझी राजवट आली तर कामगाराच्या वाट्यास गुलामी येईल, आणि तिच्याविरुद्ध लढणे म्हणजे जुनी विषम व्यवस्था राखणे नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. वंशश्रेष्ठत्वाचे तत्त्वज्ञान काय असते, हे त्यांना हिटलरकडून शिकण्याची गरज नव्हती. बाबासाहेबांनी इंग्रजांची बाजू घेतली, असे आजही कोणी बोलतात. त्यांनी हे भाषण आधी वाचावे.

स्वातंत्र्यानंतर या सैनिकांची मोठी अडचण झाली. ते साम्राज्याच्या सैन्यात मेले, म्हणून स्वातंत्र्यलढ्याच्या हुतात्म्यांत त्यांची गणना नाही. फॅसिझमविरुद्ध लढून मेले, पण ती लढाई आपल्या पाठ्यपुस्तकात ‘त्यांची’ ठरली. युद्धाच्या अखेरीस भारतीय सैन्यात २५ लाख माणसे होती, सर्व स्वखुशीने भरती झालेली. पोटासाठी म्हणा, घराण्याच्या रिवाजासाठी म्हणा. कोकणातल्या घरांना गिरणी आणि पलटण या दोनच वाटा ठाऊक होत्या.

अर्थात दुसरी वाट सर्वांस मोकळी नव्हती. यशवंत पाच वर्षांचा होता, तेव्हा शेजारच्या महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. पलटणीचे दारही त्या तळ्यासारखेच होते. एकेकाळी मुंबई लष्करात महार सैनिकांचे प्रमाण मोठे होते. स्वतः बाबासाहेबांचे घराणे लष्करी पेशाचे. १८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’चा सिद्धान्त पुढे करून ही भरती बंद करण्यात आली. महाडजवळच्या रावढूळचे निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज लिहिला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी विलायत सरकारपर्यंत दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली, तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी झाली. युद्ध संपले, गरज संपली, १९२१ मध्ये पलटणही मोडली. ज्या वर्षी यशवंत जन्मास आला, त्याच वर्षी. पुढे ऑक्टोबर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, तीही पुन्हा युद्ध डोक्यावर आल्यावरच. एकाच तालुक्यातील दोन मुलांपैकी एकास लढण्याचा हक्क जन्माने मिळावा आणि दुसऱ्यास तो अर्ज करकरून मागावा लागावा, हा इतिहास यशवंतच्या पुतळ्यापुढे उभे राहून आठवणे यात यशवंतचा काही अवमान नाही.

आता मरणानंतरच्या गोष्टीकडे येतो. आमच्या दृष्टीने खरा विषय तोच आहे.

यशवंतची कबर नाही. त्याचे नाव इटलीत कॅसिनो स्मारकावर कोरलेले आहे. इटलीच्या मोहिमेत मरण पावलेल्या आणि ज्ञात समाधी नसलेल्या ४,००० हून अधिक राष्ट्रकुल सैनिकांची नावे या स्मारकावर आहेत. ज्यांच्यावर धर्मानुसार अग्निसंस्कार झाले, अशा भारतीय सैनिकांसाठी सांग्रो नदीजवळच्या आणि फोर्ली येथील युद्ध-दफनभूमींत वेगळी दहनस्मारके आहेत. तेथेही प्रत्येकाचे नाव आहे. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग या स्थळांची देखभाल करतो. १९१७ मध्ये सनदेने स्थापन झालेल्या या आयोगाचे मूळ तत्त्व असे, की हुद्दा, वंश, धर्म यांवरून मृतांत भेद होणार नाही. प्रत्येकाचे नाव दगडावर येईल, मग तो सरदार असो वा शिपाई.

हे तत्त्व वाचून आपल्या मनात आदर उत्पन्न होतो. पण पहिल्या महायुद्धातील स्मारके पाहू लागलो, की हा आदर ठिकाणाप्रमाणे बदलू लागतो. फ्रान्समध्ये नव शापेल येथे भारतीय स्मारक आहे. त्यावर ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे आहेत. युरोपच्या भूमीवर, युरोपीय पाहुण्यांच्या नजरेसमोर, तत्त्व पाळले गेले. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, भारतीय सैनिक कितीतरी अधिक संख्येने मेले. त्यांच्यासाठी १९२९ मध्ये बसरा स्मारक उभारले गेले. त्यावर ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. त्यांतील ब्रिटिश सैनिकांची नावे आहेत, भारतीय अधिकाऱ्यांचीही आहेत. भारतीय शिपायांची नावे मात्र कोरलेली नाहीत. पलटणीचे नाव आणि त्याखाली मेलेल्यांचा आकडा, एवढेच. पूर्व आफ्रिकेतील स्मारकांवर तर आफ्रिकी सैनिक आणि हमाल यांच्यासाठी आकडाही नाही, नमुन्यादाखल पुतळे उभे केलेले आहेत. (बसऱ्याचे हे स्मारक १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या राजवटीत मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात हलविण्यात आले. ज्यांना नाव मिळाले नव्हते, त्यांची जागाही गेली.)

आपल्या वाचकांस येथे भीमा कोरेगावचा स्तंभ आठवल्यावाचून राहणार नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८२१ मध्ये ज्याचा पाया घातला, त्या स्तंभावर मेलेल्या शिपायांची नावे आहेत. शेवटी ‘नाक’ असलेली २२ नावे आपण दर १ जानेवारीस वाचतो. ती कोरली गेली, म्हणून बाबासाहेब १९२७ साली तेथे जाऊ शकले आणि म्हणून आज लाखो लोक जातात. समजा, त्या दगडावर ‘पलटणीचे एवढे शिपाई’ असा केवळ आकडा असता, तर आपण तेथे कोणास शोधले असते? शंभर वर्षांनंतर बसऱ्याला त्याच साम्राज्याने नेमका तो आकडाच लिहिला. काळ पुढे गेला म्हणजे न्यायही पुढे जातो, असे गृहीत धरणाऱ्यांनी हे दोन दगड शेजारी ठेवून पाहावेत.

असाच आकडा आपल्या घराजवळही आहे. सातारा, रत्नागिरी, रायगड अशा जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या चावडीत किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवराची एक छोटी पाटी आढळते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा तिच्यावरील मजकुराचा आशय असतो. गावाने माणसे दिली आणि बदल्यात संख्या मिळाली. गावकऱ्यांस विचारले, हे चार जण कोण, तर बहुधा कोणी सांगू शकत नाही.

सैनिक तरी संख्येत आले. त्यांच्यामागे जे गेले, त्यांचे काय? पहिल्या महायुद्धात भारतातून सुमारे साडेपाच लाख माणसे बिनलढाऊ कामासाठी नेण्यात आली. खेचरे हाकणारे, भिस्ती, धोबी, डोली वाहणारे, रस्ते खणणारे मजूर, आणि सफाई करणारे. लष्करी दप्तरात यांतही वरचे आणि हलके अशी प्रतवारी होती, पगार आणि पेन्शन त्याप्रमाणे. हलक्या प्रतीत कोणत्या जातींची माणसे होती, हे या स्मरणिकेच्या वाचकांस सांगण्याची गरज नाही. गोळी त्यांनाही लागत होती, पटकी आणि उष्माघातही. प्राध्यापिका राधिका सिंघा यांनी या लोकांवर अभ्यासपूर्ण ग्रंथ लिहिला आहे. तो मराठीत यावयास हवा.

आयोगाने आपल्याच इतिहासाची चौकशी करून २०२१ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, प्रामुख्याने आफ्रिकी आणि आशियाई, स्मारक असमान रीतीने झाले. याशिवाय किमान १,१६,००० आणि कदाचित ३,५०,००० पर्यंत मृतांचे नाव कोठेच आले नाही, किंवा स्मारकच झाले नाही. तत्कालीन अधिकाऱ्यांच्या मनातील वंशभेद आणि पूर्वग्रह हेच याचे कारण, असे अहवालाने स्वच्छ लिहिले. आयोगाने आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी क्षमा मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली ही क्षमा आम्ही हलकी लेखत नाही. आपल्याकडील कोणत्या संस्थेने असा अहवाल स्वतःविषयी लिहिला आहे, तेही विचारून पाहावे.

यशवंत या अर्थाने भाग्यवान. दुसऱ्या महायुद्धापर्यंत नियम पुष्कळसा बदलला होता, त्याला पदकही मिळाले होते. जुलै २०२३ मध्ये त्याच्या स्मरणार्थ आणखी एक गोष्ट घडली. उंब्रिया प्रांतात, टायबर खोऱ्याच्या माथ्यावर मोन्तोने नावाचे एक लहानसे जुने गाव आहे. जुलै १९४४ मध्ये दहाव्या भारतीय डिव्हिजनच्या फौजांनी ते जर्मनांच्या ताब्यातून सोडविले. त्या गावच्या नगरपालिकेने आणि इटलीतील काही लष्करी इतिहासकारांनी मिळून तेथे यशवंत घाडगे यांच्या नावाचे एक स्मारक उभारले. स्मारकाचे रूप सूर्यघड्याळाचे आहे. आपण सर्वजण एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन बोधवचन त्यास दिले आहे. शेजारी भारतीय सैन्याच्या स्मरणाचा फलकही आहे. राणी-राजाच्या नावाचा क्रॉस एकीकडे आणि ज्यांचे गाव सुटले, त्यांच्या नातवंडांनी मांडलेले हे घड्याळ दुसरीकडे. आम्हांस निवडावयाचे झाल्यास आम्ही घड्याळ निवडू.

आता माजी विद्यार्थ्यांसाठी थोडी कामाची माहिती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी पणजोबा ‘लामवर गेले’ एवढीच आठवण शिल्लक असते. लाम म्हणजे कोठे, हे कोणास ठाऊक नसते. मूळ शब्द पुष्कळदा लढाई किंवा मोहीम याच अर्थाने वापरला जाई. अशा घरांनी प्रथम ट्रंकेतील कागद पाहावेत: पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा दाखला, पदक असल्यास त्याची कड. पहिल्या महायुद्धातील पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, नाव आणि पलटण कोरलेली असते. भिंगाशिवाय ती दिसत नाही आणि पदक मोडीत घालताना सोनार ती वाचत नाही. क्रमांक आणि पलटण मिळाली, की अर्धे काम झाले.

माणूस युद्धात मेला असल्यास राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची नोंदवही इंटरनेटवर कोणासही विनामूल्य पाहता येते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ हा काळ आयोग धरतो. म्हणजे लढाई थांबल्यावर छावणीत आजाराने मेलेलाही त्यात बसतो. नोंद नसल्यास पुराव्यासह अर्ज करता येतो आणि आयोग तो तपासतो. बसऱ्याच्या दगडावर ज्यांचे नाव नाही, त्यांतील अनेकांची नावे कागदी यादीत आहेत, म्हणून दगडावर नाही यास्तव शोध सोडू नये.

शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही नावे इंग्रज कारकुनांनी कानावर पडतील तशी लिहिली आहेत. एकाच आडनावाची तीन रूपे सापडतात, गावाचे नाव ओळखूही येत नाही, आणि जिल्हा जुना असतो: रायगडऐवजी कुलाबा, सिंधुदुर्गातील गावांसाठी रत्नागिरी किंवा सावंतवाडी. बापाचे नाव असेल तर ते पक्के मानावे, आडनाव नव्हे, कारण आपल्या लोकांची आडनावे त्या काळी कागदावर पुष्कळदा नसतच. यशवंत घाडगेचे नावही तेथे आपण मराठीत उच्चारतो तसे ‘यश’ने सुरू होत नाही, ‘येश’ने सुरू होते. दोन्ही प्रकारे लिहून पाहावे.